दुर्बिणीतून गाठ काढायची म्हणतात, पण धोका किती?

"धोका किती टक्के ओ?" तोंडातून दुर्बीण घालून पोटातली कॅन्सरची सुरुवातीची गाठ काढायचं ठरलं की घरातला प्रत्येक जण हेच विचारायला लागतो. डॉक्टरला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो, आमच्यासारख्या मेडिकल दुकानवाल्यालाही विचारतो, आणि मग कुणीतरी एक आकडा सांगून टाकतो, पाच टक्के. झालं. घरातले निम्मे म्हणतात पाचच की, निम्मे म्हणतात पाच म्हणजे शंभरात पाच माणसं की ओ. भांडण फुकटचं, कारण तो आकडा त्यांच्या आबांचा नव्हेच, सगळ्यांची सरासरी काढून आलेला आकडा आहे तो. त्याच प्रोसिजरला एका माणसाचा धोका तीन टक्के असतो आणि दुसऱ्याचा तीस, आणि कुणाचा किती ते बऱ्यापैकी आधीच सांगता येतं. ते कसं सांगतात तेवढंच आज लिहायलोय. मी डॉक्टर नाही, औषधं विकतो, त्यामुळे औषधांवर जरा जास्त बोलीन ते चालवून घ्या.

आधी नेमकं करतात काय ते बघू. जठराची भिंत म्हणजे घरातली वाकळ धरा, थरावर थर घालून शिवलेली. अन्न ज्याला लागतं तो सगळ्यात आतला नाजूक थर म्हणजे म्युकोसा, त्याच्याखाली सबम्युकोसा नावाचा मऊ सैल थर, रक्तवाहिन्या यातून जातात, मग स्नायूचा जाड थर आणि शेवटी बाहेरचं पातळ आवरण. कॅन्सर सुरू होतो तो म्युकोसात. तिथंच असताना सापडला तर वाकळीचं फक्त वरचं कापड उसवून काढायचं आणि खालच्या कापडाला भोक पडू द्यायचं नाही, काम एवढंच, पण ते करायचं तोंडातून घातलेल्या लांब नळीच्या टोकानं, स्क्रीनवर बघत. गाठीच्या खाली सुईनं औषधाचं पाणी सोडतात, त्यानं वरचा थर उचलून येतो आणि खालच्या स्नायूपासून थोडं अंतर मिळतं. गाठ लहान असेल तर तारेचा फास टाकून कापतात, त्याला ईएमआर म्हणतात. मोठी असेल तर बारीक इलेक्ट्रिक चाकूनं कडेकडेनं चीर देऊन खालून सोडवत सोडवत एका तुकड्यात काढतात, ती ईएसडी. ही पद्धत जपानमध्ये १९९० च्या दशकात तयार झाली, चाकूच्या टोकाला सिरॅमिकचा बारीक मणी बसवला म्हणजे खालचा थर चुकून कापला जाऊ नये म्हणून. तिथल्या सरकारी विम्यात जठराची ईएसडी २००६ ला आली आणि अन्ननलिकेची २००८ ला. एका तुकड्यात काढण्याचा एवढा आग्रह का, तर पॅथॉलॉजीवाल्याला कडा स्वच्छ आहेत का आणि मुळं किती खोल गेली होती हे नीट वाचता यावं. तुकडे तुकडे आले की तो तरी काय सांगणार.

पोटावर एक टाका नाही, जठर जागच्या जागी राहतं, चार-पाच दिवसांत माणूस पातळ भात खायला लागतो. म्हणून लोकांना वाटतं हे काय किरकोळच. किरकोळ नाही, आत जखम उरते आणि ती भरायला साधारण दोन महिने लागतात.

आता रक्तस्रावाचं. कापताना थोडं रक्त येतंच, ते डॉक्टर तिथल्या तिथं थांबवतात, ते यात धरत नाहीत. काळजी असते ती नंतरची, पेशंट वॉर्डात गेल्यावर किंवा घरी गेल्यावर जखमेतून रक्त सुटलं तर. जठराच्या ईएसडीत हे साधारण शंभरात पाच जणांना होतं, वर जो पाच टक्के आकडा फिरतो तो बहुतेक हाच. जपानी डॉक्टरांनी ३३ दवाखान्यांतल्या १० हजारांवर पेशंटचा हिशोब मांडून २०२१ मध्ये एक स्कोअर काढला, बेस्ट-जे नावाचा. कागदावर पेनानं होतो, कॉम्प्युटर नको काही नको. वॉरफेरिन चालू असेल तर ४ मार्क, अपिक्साबॅन-रिव्हरोक्साबॅनसारखी नवी रक्त पातळ करायची गोळी असेल तरी ४, किडनी खराब होऊन डायलिसिस चालू असेल तर ३, क्लोपिडोग्रेलच्या जातीची गोळी असेल तर २, ॲस्पिरिनला १, सिलोस्टॅझोलला १ (या तिन्ही पण रक्त पातळ करायच्याच गोळ्या), गाठ ३० मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर १, जठराच्या खालच्या तिसऱ्या भागात असेल तर १, आणि एकापेक्षा जास्त गाठी काढायच्या असतील तर १. रक्त पातळ करायची जी गोळी प्रोसिजरसाठी थांबवली तिचा प्रत्येकी १ वजा. बेरीज ० किंवा १ आली तर रक्तस्रावाची शक्यता २.८ टक्के, २ आली तर ६.१, ३ किंवा ४ ला ११.४, आणि ५ किंवा त्याच्या पुढं गेली की २९.७ टक्के.

त्यात वय नाही, बीपी नाही, शुगर नाही, हे बघितलंत काय? आपल्याकडं मात्र सगळी काळजी "आबांचं वय झालंय, सोसंल काय" यावरच चाललेली असते. वय भुलीच्या वेळी बघतात, छातीचं-हृदयाचं बघतात, ते बरोबरच आहे, पण जखमेतून रक्त सुटणार का हे वयावर तितकं ठरत नाही, गोळ्यांच्या डब्यावर ठरतं.

आणि गोळ्यांचा डबा हाच आपल्याकडं सगळ्यात मोठा घोळ. डॉक्टर विचारतात रक्त पातळ करायची गोळी चालू आहे काय, घरचे सांगतात हो एकच आहे. ती "एकच" गोळी इकोस्प्रिन गोल्ड असते. तिच्यात ॲस्पिरिन आहे, क्लोपिडोग्रेल आहे आणि वर कोलेस्टेरॉलचं औषध पण आहे. क्लोपिटॅब ए घ्या, तिच्यातही दोन. इकोस्प्रिन एव्हीत मात्र ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध, म्हणजे रक्त पातळ करणारं एकच. नावं इतकी सारखी की माणूस गोंधळणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण स्कोअरमध्ये एक मार्क की तीन, हा फरक त्या पट्टीवरच्या बारीक अक्षरात असतो. शिवाय ॲन्जिओप्लास्टी झाली कोल्हापूरला किंवा मिरजेला, शुगरचा डॉक्टर बेळगावात, गुडघ्याचा खानापुरात, तिघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. गुडघ्यासाठी घेतात त्या पेनकिलर तर लोक औषधात धरतच नाहीत, त्या मुळात पोटात जखमा करणाऱ्या. माझं एक म्हणणं आहे, तोंडी सांगू नका, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरच्या टेबलावर ओता, जडीबुटीचं काही चालू असेल तर तेही.

एक उदाहरण करून बघू. समजा आबांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसलाय, दोन्ही औषधं असलेली गोळी चालू आहे, गाठ ३४ मिलिमीटरची आणि जठराच्या खालच्या भागात. ॲस्पिरिनचा १, क्लोपिडोग्रेलचे २, आकाराचा १, जागेचा १, झाले ५. म्हणजे जवळजवळ तीस टक्के. शेजारच्या काकांची गाठ १५ मिलिमीटरची, वरच्या भागात, गोळी कुठलीच नाही, त्यांचा स्कोअर शून्य, तीन टक्क्यांच्या आत. दोघांची प्रोसिजर एकच, डॉक्टर एकच, कॉट शेजारी शेजारी. आता आबांचं क्लोपिडोग्रेल काही दिवस थांबवलं तर एक मार्क कमी, ४ झाले, ११.४ टक्के. तीसवरून अकरा!

हे वाचून कुणी आज संध्याकाळपासून आबांची गोळी बंद करू नका. हात जोडून सांगतो. या स्कोअरला फक्त पोटातलं रक्त दिसतं, हृदयातलं दिसत नाही. स्टेंट बसून थोडेच महिने झाले असतील आणि गोळी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि पोटातलं रक्त दुर्बिणीतून क्लिप लावून बहुतेक वेळा थांबवता येतं, स्टेंट बंद पडला तर माणूस दारातच जातो. म्हणून कुठली थांबवायची, किती दिवस आधी, परत कधी चालू करायची हे हृदयाचा डॉक्टर आणि दुर्बिणीचा डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं असतं. बऱ्याचदा ॲस्पिरिन चालू ठेवून दुसरी तेवढी थांबवतात. कधी सांगतात की गाठ अजून वरच्या थरातच आहे, थोडे दिवस थांबू, स्टेंटची मुदत जरा पुढं जाऊ दे. हे टाळाटाळ वाटतं घरच्यांना, पण तो हिशोबच असतो.

भोक पडण्याचा धोका वेगळा, आणि इथं गंमत बघा. रक्तस्रावाला जठराचा खालचा भाग वाईट, भोक पडायला वरचा भाग वाईट. वर भिंत पातळ असते, दुर्बीण वाकडी करून उलटी बघावी लागते, हात नीट चालत नाही. गाठ मोठी असेल, जुन्या अल्सरचा वण असेल, तर पाणी सोडूनसुद्धा थर उचलून येत नाही, थर एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि वेळ वाढतो तसा धोका वाढतो. म्हणून "जागा चांगली आहे का वाईट" याला एक उत्तर नाही, कशासाठी ते आधी सांगावं लागतं. चांगली गोष्ट ही की बहुतेक भोकं तिथल्या तिथं दिसतात आणि क्लिप लावून बंद करता येतात, पोट फाडावं लागत नाही. एक-दोन दिवसांनी उशिरा पडणारं भोक मात्र क्वचित असलं तरी अवघड, त्यात ऑपरेशनची वेळ येते.

लहान आतड्याची सुरुवात, ड्युओडेनम, तिथं तर भिंत फारच पातळ, त्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस उघड्या जखमेवर सतत पडत राहतो. उशिरा भोक पडण्याची भीती सगळ्यात जास्त इथंच. जमेल तिथं जखम क्लिपांनी मिटवून घेतात. या जागेची ईएसडी करायला मुरलेला हातसुद्धा दोनदा विचार करतो.

अन्ननलिकेवर जरा थांबतो, कारण आपल्या भागात तो विषय घराघरातला आहे. निपाणी-चिक्कोडीकडं तंबाखू म्हणजे पोटापाण्याचं पीक, १९८१ ला दरासाठी शेतकऱ्यांनी निपाणीत हायवे अडवून धरला होता, ते अजून जुनी माणसं सांगतात. पिकवणारा कमावतो किती ते त्यालाच माहीत, पण चघळणाऱ्याच्या आणि ओढणाऱ्याच्या अन्ननलिकेला त्याची किंमत मोजावी लागते, सोबत दारू असेल तर अजून जास्त. सुपारी बिनतंबाखूची असली तरी कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच तिला पहिल्या गटात टाकलंय. तर अन्ननलिकेत ईएसडी केली की रक्तस्राव त्या मानानं कमी होतो, तिथली अडचण निराळी, नळी आखडण्याची. नळीच्या गोल घेरापैकी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भागाचा थर काढला की जखम भरताना नळी आकसते, भाकरीचा घास अडकायला लागतो, मग पाणीसुद्धा. हे इतकं नेमानं होतं की घेर किती कापला जाणार हे बघूनच आधी सांगता येतं, पूर्ण गोल काढला तर उपाय न केल्यास जवळजवळ सगळ्यांनाच होतं. म्हणून अशा पेशंटला आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन जखमेत देतात किंवा गोळ्या देतात, तरी आखडली तर फुग्यानं परत परत रुंद करावी लागते. म्हणजे बरे झालो म्हणून गावी आलेल्या माणसाला अजून चार-पाच वेळा शहरात खेपा घालाव्या लागतील, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी माहीत असलेलं बरं.

तंबाखू-दारूनं नळीचा एकच ठिपका खराब होत नाही, सगळा पट्टाच खराब होतो, तोंड आणि घसा धरून. एक गाठ काढली तरी शेजारी दुसरी येऊ शकते, म्हणून दर वर्षी दुर्बीण करावी लागते, आणि काढल्यावर पहिल्या आठवड्यात परत मळून तोंडात टाकणारे पण आहेत, त्यांना काय सांगायचं. जठरात असाच प्रकार हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा. ईएसडीनंतर तो जंतू औषधांनी मारला तर पुढं नवी गाठ होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली येतं असं कोरियातल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. चौदा दिवसांचा कोर्स असतो, तोंड कडू होतं, लोक पाचव्या दिवशी सोडतात. सोडू नका.

इथपर्यंतचे सगळे धोके प्रोसिजरचे. दुसरा अंदाज लागतो तो गाठ काढून झाल्यावर, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आल्यावर, आणि लोक नेमकं त्या वेळी गाफील असतात, सुटलो म्हणून पेढे वाटून झालेले असतात. प्रश्न असा की गाठ तर निघाली, पण तिच्यातल्या पेशी आधीच लिम्फ नोडमध्ये, म्हणजे जठराबाहेरच्या बारीक ग्रंथींत, गेल्या असतील तर? दुर्बीण आतला थर काढते, बाहेरच्या लिम्फ नोडपर्यंत तिचा हात पोचत नाही. कॅन्सर म्युकोसातच राहिला असेल आणि चांगल्या जातीचा असेल तर ही शक्यता नसल्यातच जमा. रिपोर्ट त्या पलीकडचा आला तर जठरासाठी ई-क्युरा नावाचा दुसरा स्कोअर आहे, २०१७ चा. लिम्फच्या नलिकेत कॅन्सर घुसलेला दिसला तर सरळ ३ मार्क, आणि गाठ ३० मिलिमीटरपेक्षा मोठी, खालची कड स्वच्छ नाही, रक्तवाहिनीत घुसलाय, सबम्युकोसात अर्धा मिलिमीटर किंवा जास्त खोल गेलाय, या चार गोष्टींना प्रत्येकी १. बेरीज ० ते १ असेल तर लिम्फ नोडमध्ये असण्याची शक्यता २.५ टक्के, २ ते ४ असेल तर ६.७, आणि ५ ते ७ असेल तर २२.७ टक्के.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती ओ, नखाच्या जाडीएवढं. तेवढ्यावर पुढचं ऑपरेशन अवलंबून असतं, म्हणून त्या रिपोर्टची प्रत मागून घ्या, "कॅन्सर निघाला" एवढ्यावर घरी येऊ नका. आणि वय इथं कामाला येतं. पन्नाशीचा माणूस, स्कोअर ६, तर जठराचा भाग काढायचं मोठं ऑपरेशन करून घेणं त्याच्या फायद्याचं. ऐंशीच्या आज्जी, दम लागतो, स्कोअर १, तर अडीच टक्क्यांसाठी त्यांचं पोट उघडायचं काय? तिथं ऑपरेशनचाच धोका त्या अडीच टक्क्यांपेक्षा मोठा होऊ शकतो, मग बरेच डॉक्टर ठराविक महिन्यांनी दुर्बीण आणि स्कॅन करत लक्ष ठेवायचं सुचवतात. या दोन टोकांच्या मधले पेशंट अवघड, तिथं दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देतील आणि दोघंही बरोबर असतील.

आता या स्कोअरांवर भरवसा किती ठेवायचा? स्कोअर चांगला की वाईट हे मोजायला एक माप आहे, ०.५ आलं तर नाणं उडवल्यासारखं, १ आलं तर कधीच न चुकणारा. बेस्ट-जे ०.७ च्या आसपास येतो. म्हणजे रक्त सुटलेला एक आणि न सुटलेला एक अशी जोडी दिली तर दहापैकी सात वेळा तो बरोबर माणसाला जास्त मार्क देतो. वाईट नाही, पण भविष्य पण नव्हे. तीस टक्केवाल्या दहा आबांपैकी सात जणांना काहीच होत नाही, आणि तीन टक्केवाल्या काकांपैकी एखाद्याला होतंच, आणि त्या घरात मग कुणी स्कोअरचं नाव काढलेलं ऐकून घेत नाही, साहजिक आहे.

दुसरं, हे आकडे जपानचे. तिथं पोटाची दुर्बीण सरकारी तपासणीत होते, गाठी लवकर सापडतात, डॉक्टरांचा हात रोजचा बसलेला. आपल्याकडं बहुतेक कॅन्सर घास अडकायला लागल्यावर, वजन उतरल्यावर सापडतो, तोवर ईएसडीची वेळ निघून गेलेली असते, म्हणून ही प्रोसिजर इथं कमी होते आणि कमी ठिकाणी होते. जठराच्या ईएसडीत हात बसायला कुणाच्या तरी देखरेखीखाली साधारण ३० केस कराव्यात असं जाणकार सांगतात. डॉक्टरचा अनुभव हा बेस्ट-जेच्या एकाही मार्कात नाही. तुम्ही किती केल्यात, हे विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, पण चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. कुणी हुबळीला जातो, कुणी गोव्यात बांबोळीला, कुणी थेट मुंबईला टाटाला, जावा कुठंही, पण हे विचारून जावा. सहीचा फॉर्म कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतो, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, त्यातल्या प्रत्येक धोक्यापुढं "आमच्या माणसाला किती" असं विचारा.

अंतराला पण मार्क नाहीत. नंतरचा रक्तस्राव जास्त करून पहिल्या एक-दोन दिवसांत होतो, पण दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, आणि रक्त पातळ करायची गोळी परत चालू केलेल्यांत उशिरा होण्याची भीती जास्त. बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्याला रात्री दोन वाजता रक्ताची उलटी झाली तर रिक्षा करून दवाखाना गाठता येतो. कणकुंबीला, जांबोटीच्या आत जंगलातल्या वाडीला, आणि तेही जुलैच्या पावसात झाड पडून रस्ता बंद झाला असताना झाली तर? माझं मत असं, स्कोअर ३ च्या वर असेल आणि गाव आत असेल तर ते दोन आठवडे बेळगावात कुणा पाव्हण्याकडं काढावेत. लाजायचं काय त्यात, पाव्हणे अशाच वेळेला असतात.

घरी गेल्यावर बघायचं काय, तर चक्कर, घाम, छातीत धडधड, कॉफीच्या रंगाची उलटी आणि काळी संडास. काळ्या संडासात एक फसगत होते. बऱ्याच पेशंटना रक्त वाढायला आयर्नची गोळी दिलेली असते आणि तिनंही संडास काळी होते, मग घरचे एकतर घाबरून गाडी काढतात, नाहीतर "आयर्नचं असेल" म्हणून खरं रक्त अंगावर काढतात. आयर्नची काळी सहसा हिरवट झाक असलेली आणि घट्ट असते, रक्ताची काळीकुट्ट, पातळसर, चिकट आणि तिचा वास इतका वाईट की सांगावं लागत नाही. तरी ओळखता येईना तर अंदाज करत बसू नका, फोन करा आणि निघा. आणि डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या की आयर्न लगेच चालू करायचं का दोन आठवडे थांबवायचं, थांबवलेलं असलं की हा घोळ मुळातच राहत नाही.